लाल त्रिकोणाची बाटली कपाटात पाहिजेच कशाला?

बेळगाव जिल्ह्यात खानापूर म्हणा, निपाणी, संकेश्वर, अथणी, कुठंही जावा, खत-औषधाच्या दुकानात काउंटरमागं जे कपाट असतं ते जरा निरखून बघा. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर एक तिरका चौकोन छापलेला असतो, त्याचे दोन त्रिकोण, वरच्यात कवटी नाहीतर इशारा आणि खालच्यात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. १९७१ च्या नियमांपासून हे चालू आहे, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली, आणि तरी शेतकरी राहू दे, दुकानात बसलेल्या पोराला विचारलं की हा रंग कशाचा रे, तर तो म्हणतो कंपनीचं डिझाईन असेल.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. विषबाधेची बातमी आली की शेतकऱ्याला शिकवा, मास्क द्या, ग्लोव्हज वाटा, शिबीर घ्या असं जे आपण वर्षानुवर्षं म्हणतोय त्याने फारसं काही होणार नाही. सगळ्यात जहाल माल कपाटातूनच काढायला पाहिजे, आणि तो काढेपर्यंत तालुक्याच्या गावात विषावरच्या उताऱ्याचा पुरेसा साठा आणि बाटलीवर वाचता येईल अशी भाषा, एवढं तरी हवं. हे रागाने लिहीत नाहीये, विषशास्त्राचे जे अगदी प्राथमिक नियम आहेत ते नीट लावले तर निष्कर्ष हाच निघतो, उलट त्यांचा अर्धा भागच सांगून आपली फसवणूक केली जाते.

तर तो रंग ठरतो कसा? उंदरांना ते रसायन तोंडावाटे देतात आणि किती मात्रेला निम्मे उंदीर मरतात ते बघतात, त्याला एलडी ५० म्हणतात, शरीराच्या दर किलो वजनामागं किती मिलिग्रॅम अशा हिशोबात. १ ते ५० मध्ये निम्मे मेले तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. आकडा जितका लहान तितकं विष जहाल, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. या पद्धतीत एक मोठी गोम आहे. उंदीर मरतो की जगतो एवढंच ती सांगते, माणूस हॉस्पिटलला पोचल्यावर डॉक्टरच्या हातात काय आहे ते सांगत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक घ्या. उंदराच्या आकड्यावर जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘मध्यम धोक्याच्या’ वर्गात टाकते, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक पण त्याच वर्गात. क्लोरपायरीफॉसची विषबाधा झालेले बहुतेक पेशंट वेळेत उपचार मिळाले तर घरी जातात. पॅराक्वाटला उताराच नाही. फुफ्फुसाच्या पेशी ते रक्तातून आपणहून ओढून घेतात, तिथं ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होऊन फुफ्फुस जळत जातं, म्हणजे धाप लागलेल्या पेशंटला ऑक्सिजन लावायचा तरी डॉक्टरला दहादा विचार करावा लागतो. माणूस शुद्धीत असतो, नातेवाईकांशी बोलत असतो, आणि दिवसा-दिवसाने श्वास कमी होत जातो. एकच वर्ग, आणि फरक एवढा.

आता मात्रेकडं येऊ, कारण सगळी वकिली इथूनच चालते. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाचा स्विस वैद्य होऊन गेला, त्याने सांगितलं की सगळ्याच गोष्टी विष आहेत, विष कुठलं आणि नाही कुठलं ते मात्रा ठरवते. बरोबरच आहे. मीठ घ्या, आमटीत चिमूटभर लागतं, पण कोणी विष घेतलं म्हणून उलटी काढायला घट्ट मिठाचं पाणी पाजतात ना, त्या मिठानेच रक्तातलं सोडियम चढून माणूस दगावू शकतो, हा प्रकार आपल्या खेड्यात आजही चालतो आणि तो बंद व्हायला पाहिजे. पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या आत मोठ्या माणसाला चालतं, त्याच्या बरंच वर गेलं की लिव्हरमध्ये त्याचा जो विषारी तुकडा तयार होतो त्याला निकामी करणारा साठा संपतो आणि मग लिव्हर जायला लागतं. दोन दिवस तसा फार त्रासही होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात.

आणि नैसर्गिक म्हणजे बिनधोक असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या बांधावर बघावं. कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवते, एरंडीच्या बीतलं रिसिन आणि गुंजेतलं अब्रिन पेशीचं प्रोटीन बनवणंच थांबवतात, धोतरा खाल्ला की माणूस बरळायला लागतो, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं. त्या धोतऱ्यातलं ॲट्रोपिन हेच पुढं कीटकनाशकाच्या विषबाधेवर जीव वाचवणारं इंजेक्शन ठरतं, त्याकडं नंतर येतो. मुद्दा एवढाच की ‘केमिकल म्हणजे विष, देशी म्हणजे अमृत’ हे व्हॉट्सॲपवरचं शास्त्र मला मान्य नाही, आणि या लेखाचा अर्थ कोणी तसा लावू नये.

खरं गणित असं आहे: धोका म्हणजे पदार्थ किती जहाल आहे गुणिले तो शरीरात किती, कुठल्या वाटेने आणि किती वेळ गेला. कंपनीवाला, डीलर आणि कधीकधी कृषी खातं पण यातला दुसराच भाग उचलतात. माल चांगला आहे, तुम्ही नीट वापरला नाही. ‘योग्य वापर’ हा शब्द ऐकला की मी सावध होतो, कारण योग्य वापर म्हणजे मात्रा शेतकऱ्याच्या ताब्यात आहे असं गृहीत धरलेलं असतं. ती कुणाच्या ताब्यात असते ते कडोली, कंग्राळीकडच्या कोबीच्या नाहीतर टोमॅटोच्या प्लॉटमध्ये जाऊन बघावं.

सोळा लिटरचा पंप पाठीला. झाकणाचं वायसर गेलेलं, त्यामुळं वाकलं की मानेवरून थेंब-थेंब खाली, बनियन भिजलेली, भिजलेली बनियन दुपारपर्यंत अंगावरच. बादलीत काठीने ढवळायचं, काठी सापडली नाही तर हाताने. नोझल चोंदलं की तोंडाने फुंकायचं, हे तर मी कितीतरी जणांना करताना बघितलंय. मग बांधावर बसून त्याच हाताने तंबाखू मळायची. एका मामांना म्हटलं, ‘मामा, हातमोजे तरी घाला की,’ तर म्हणाले, ‘घातलं की नोझल हाताला कळत नाही बघ, आणि मास्क लावला की गुदमरायलंय, खरं एवढी वर्षं मारायलोय, काय झालंय मला?’ हा मामा काही अडाणी नाही, त्याला मालाचं नाव, डोस, किडीची अवस्था सगळं पाठ आहे. त्याला मजुरी पंपावर मिळते. जितके पंप तितके पैसे, मग थांबून साबणाने हात कोण धुणार?

यात शरीरात जाण्याची वाट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोललेली. लोकांना वाटतं विष म्हणजे तोंडावाटे. फवारणाऱ्याच्या बाबतीत बराचसा डोस कातडीतून जातो, आणि कातडी सगळीकडं सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर जुने प्रयोग झालेत, त्यात हाताच्या पुढच्या भागाच्या मानाने जांघेतल्या मऊ कातडीतून दहापटीहून जास्त शोषण झालं. आता पाठीवरून ओघळलेलं पाणी चड्डीपर्यंत कुठं जातं त्याचा विचार करा. वर घाम, ऊन, उघडी रंध्रं, भाजलेली-चिरलेली बोटं. अथणी-रायबागकडच्या उन्हात प्लॅस्टिकचा सूट घालून कोण दोन तास चालून दाखवतो बघू. हे मी एकटाच म्हणत नाही, कीटकनाशकांबद्दल जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांची जी आचारसंहिता आहे तिच्यातच स्पष्ट लिहिलंय की ज्या औषधाला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ते टाळावं, आणि त्यातही उष्ण हवेतल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या हातात देणं तर विशेष करून टाळावं. आपण नेमकं उलटं करतो, माल तोच ठेवतो आणि शिबिरात फुकट मास्क वाटून फोटो काढतो.

२०१७ ला यवतमाळमध्ये काय झालं ते आठवा. कापूस माणसाच्या डोक्याएवढा उंच वाढलेला, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली, फवारा तोंडावर, आणि वीसहून जास्त शेतकरी-मजूर फवारणी करता-करता गेले, शेकडो ॲडमिट झाले. त्यांच्यापैकी कोणी ते मुद्दाम घेतलं नव्हतं. तेव्हाही पहिला सूर काय होता? नीट काळजी घेतली नाही.

शरीरात काय होतं ते थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढची औषधाच्या साठ्याची गोष्ट पटणार नाही. मज्जातंतूने स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप द्यायचा असला की ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतो. निरोप पोचला की एक एन्झाइम येऊन ते ताबडतोब साफ करतं, नाहीतर निरोप चालूच राहील. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट असली ऑरगॅनोफॉस्फेट औषधं नेमकी त्या एन्झाइमवर जाऊन बसतात. मग दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसल्यासारखं होतं, बेल वाजतच राहते. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, अंगातून घाम, पोटात कळा, जुलाब, कपड्यात लघवी, डोळ्याच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या, ठोके मंद, दंडावरचे स्नायू आपोआप फडफडतात, आणि छातीत पाणी भरल्यासारखा स्राव होऊन श्वास अडतो. मरण येतं ते श्वासाचं. कार्बामेट जातीची औषधं तेच करतात पण ती काही तासांनी आपोआप सुटतात, ऑरगॅनोफॉस्फेट वेळ गेला की कायमची चिकटतात, मग शरीराला नवीन एन्झाइम बनवेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्याला आठवडे लागतात.

ही यंत्रणा आपल्या भागाला नवीन नाही खरं तर. निपाणीच्या तंबाखूतलं निकोटीन त्याच ॲसिटिलकोलीनच्या जागेवर जाऊन बसतं. ओली तंबाखू खुडताना, पानं हाताळताना मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, ते निकोटीन कातडीतून गेल्यामुळं, आणि बायका ‘पित्त झालं असेल’ म्हणून लिंबूपाणी पिऊन परत कामाला लागतात. पूर्वी तंबाखूचा काढा पिकावर मारायचे तो याच गुणामुळं. आज कपाशीवर, भाजीवर जे इमिडाक्लोप्रिड वगैरे मारतात ती निकोटीनच्याच धर्तीवर बनवलेली औषधं, फक्त ती किड्याच्या नसांना जास्त चिकटतात आणि माणसाच्या नसांना बरीच कमी. म्हणजे सौम्य माल बनवता येतो, आणि तो बाजारात आहे. (मधमाश्यांसाठी ही औषधं सौम्य नाहीत, त्याचा वेगळा हिशोब आहे, पण आत्ता आपण माणसाबद्दल बोलतोय.)

आता ते ॲट्रोपिन. धोतऱ्याच्या जातीतलं विष, ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवतं, म्हणून लाळ-स्राव सुकतात, ठोके वाढतात, श्वास मोकळा होतो. पण ते किती लागतं ते ऐका. आपल्याकडं ॲम्पूल येतं ०.६ मिलिग्रॅमचं. गंभीर पेशंटमध्ये सुरुवातीला ३ मिलिग्रॅम देतात, म्हणजे पाच ॲम्पूल. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, आराम नसला तर दुप्पट: दहा, मग वीस, मग चाळीस. पहिल्या पंधरा मिनिटातच पंच्याहत्तर ॲम्पूल झाले. त्यानंतर तासन्‌तास ड्रिपमधून चालू ठेवायचं ते वेगळंच. म्हणून एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राने ‘आमच्याकडं ॲट्रोपिन आहे’ म्हटलं की माझा पुढचा प्रश्न असतो, किती नग? कपाटात दहा ॲम्पूल असतील तर ते कागदावर ‘उपलब्ध’, प्रत्यक्षात पेशंटला पाच मिनिटांनंतरच्या दुसऱ्या डोसाला पण पुरणार नाहीत. खानापूरच्या पश्चिमेला जंगलाकडच्या गावातून बेळगावला सिव्हिलला यायचं म्हणजे पावसाळ्यात किती वेळ जातो ते तिथल्या माणसाला विचारा. आणि हे इंजेक्शन काही महाग नाही, महागातलं इथं काहीच नाही, साठा ठेवायचा आणि मुदत संपायच्या आत फिरवायचा एवढंच आहे.

अजून एक गोष्ट, जी घरच्यांना कोणी सांगत नाही. एक ते चार दिवसांनी, लाळ-घाम सगळं थांबलेलं, पेशंट बोलायला लागलेला, जेवण मागायलाय, अशा वेळी मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येत नाही ही त्याची पहिली खूण. बिल चढायलंय म्हणून पाहुणेमंडळी नेमकं त्याच दिवशी डिस्चार्ज मागतात, ‘बरा हाय की आता, घरी नेतो,’ आणि गाडीत बसवून गावाकडं निघतात. दोष त्यांना तरी काय द्यायचा, कुणीतरी साध्या शब्दात सांगितलंय का?

आता भाषेचं. सीमाभागात भाषेचा विषय काढला की लगेच लोक बाह्या सरसावतात, १९५६ पासूनची जखम आहे, मला ती इथं उकरायची नाही. पण नियम काय म्हणतो ते बघा: कीटकनाशकाच्या लेबलवर आणि आतल्या माहितीपत्रकावर मजकूर हिंदी, इंग्रजी आणि तो माल जिथं विकला जाणार तिथल्या एक किंवा दोन प्रादेशिक भाषांत असला पाहिजे. एक किंवा दोन. म्हणजे बेळगाव जिल्ह्यात कन्नड आणि मराठी दोन्ही छापायला कायद्याची आडकाठी नाही, उलट वाट मोकळी आहे. होतं काय, तर इकडच्या दुकानातून घेतलेल्या बाटलीत कन्नड पत्रक निघतं आणि खानापूर तालुक्यातली मराठी शाळा शिकलेली म्हातारी माणसं ते वाचू शकत नाहीत, आणि चंदगड-गडहिंग्लजहून आणलेल्या बाटलीत मराठी पत्रक निघतं तर हुक्केरीकडचा कन्नड गडी ते वाचू शकत नाही. दोघांचंही मरण सारखंच. बोर्डावरच्या अक्षरांवरून मोर्चे निघतात, दगडफेक होते, बस अडवल्या जातात, पण विषाच्या बाटलीवरच्या दोन भाषांसाठी महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांनी आणि कन्नड संघटनांनी एकत्र एक निवेदन दिलं तर माझ्या मते कुणाच्याच अस्मितेला धक्का लागणार नाही. अर्थात पत्रकाने सगळं होतं असं नाही, वर म्हटलं तसं मामाला सगळं पाठ आहे, पण निदान पोराला, सुनेला कळेल की उतारा कुठला लिहिलाय आणि दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्यायची असते. एवढ्याने डॉक्टरचा पहिला अर्धा तास वाचतो.

मग मुख्य गोष्ट, माल काढून टाकण्याची. १९६८ चा कीटकनाशक कायदाच मुळात एका विषबाधेतून जन्मला, १९५८ ला केरळात पॅराथिऑन सांडलेल्या पिठामुळं शंभराहून जास्त लोक मेले, त्यानंतर चौकशी आणि मग कायदा. त्या कायद्याखाली ‘मर्यादित वापर’ नावाचा एक मधला मार्ग निघाला, आणि तो किती पोकळ आहे ते मोनोक्रोटोफॉसने दाखवून दिलं. २००५ ला ते भाजीपाल्यावर वापरायला बंदी झाली. कापसावर चालू. आता बैलहोंगल-सौंदत्तीकडं कापसासाठी म्हणून कायदेशीर विकलेली बाटली वांग्यावर मारायची नाही हे कोण बघणार, पोलीस उभा करणार प्लॉटमध्ये? २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात तेच सापडलं, २३ पोरं गेली. २०१८ ला आपल्याच कर्नाटकात, चामराजनगर जिल्ह्यातल्या सुळवाडीला देवीच्या प्रसादात कालवलं गेलं, १७ जणांचा बळी. एवढं झाल्यावर २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला, आणि त्यातही उरलेला साठा खपवायला मुदत. भाजीवरच्या बंदीपासून अठरा वर्षं.

राज्याने करावं म्हटलं तर कायद्याचं कलम २७ राज्याला फक्त साठ दिवसांची, चौकशी लांबली तर फार तर अजून तीस दिवसांची, बंदी घालू देतं. एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या वेळी फेब्रुवारी २०११ मध्ये कर्नाटकाने तसंच केलं होतं, दक्षिण कन्नडमधल्या काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने फवारलेल्या त्या औषधाने लोकांच्या तब्येतीचं काय झालं ते डोळ्यासमोर होतं, आणि खरी बंदी आली ती त्याच वर्षी मे महिन्यात, सुप्रीम कोर्टाने देशभर थांबवल्यावर. सीमेवरच्या माणसाला राज्यापुरत्या बंदीचा फोलपणा जास्त चांगला कळतो. इकडं पेट्रोल महाग झालं की गाडी तिकडं भरायची, तिकडं दारू महाग तर गोव्याहून, हे आपलं रोजचं आहे. बेळगावात एखादं औषध साठ दिवस बंद केलं तर महाराष्ट्राच्या हद्दीत शिनोळीच्या पलीकडं ते मोटरसायकलवरून अर्ध्या तासात मिळणार आहे. त्यामुळं आपल्या भागातून जी मागणी जायची ती बेंगळुरूला कमी आणि दिल्लीला जास्त जायला पाहिजे.

बंदीने काय होणार, ज्याला जीव द्यायचाय तो दुसरं काहीतरी शोधणारच, असं हमखास ऐकू येतं. हा विषय टाळून पुढं जाता येत नाही, कारण गावाकडं विषबाधेचे बरेच पेशंट त्याच वाटेने येतात. उत्तर श्रीलंकेने दिलंय. १९९५ च्या आसपास तिथला आत्महत्येचा दर जगातल्या सगळ्यात वरच्यांपैकी होता. त्यांनी सगळ्यात जहाल वर्गाची औषधं काढली, १९९८ ला एंडोसल्फान काढलं, २००८ ते २०११ मध्ये पॅराक्वाट, डायमेथोएट, फेन्थिऑन काढली. वीस वर्षांत एकूण आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला, आणि भाताचं उत्पन्न त्या बंद्यांमुळं घसरलं नाही. कारण समजायला अवघड नाही. पुष्कळ वेळा तो निर्णय भांडणाच्या, कर्जवाल्याच्या फोनच्या, अपमानाच्या त्या अर्ध्या तासातला असतो, आणि हाताशी जे असेल ते उचललं जातं. हाताशी असलेलं जर उपचार होण्यासारखं असेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक परत त्या वाटेला जात नाहीत. घरात कोणी अशा मनःस्थितीत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. आणि बाटल्या झोपायच्या खोलीत पलंगाखाली ठेवायच्या नाहीत, कुलुपात ठेवायच्या, ही गोष्ट मात्र शिबिरात सांगण्यासारखी आहे, ती सांगा.

पर्यायी औषध महाग पडतं हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. खरंय, जुनी पेटंट संपलेली जहाल औषधं स्वस्त असतात आणि एका फवाऱ्यात किडे टपाटपा पडलेले दिसतात, शेतकऱ्याला ते दिसायला पाहिजे असतं. त्याच्या खिशाचा प्रश्न सोडून बंदी आणली तर चोरटा माल येणार, लेबल नसलेला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा बंदीबरोबर सौम्य मालावर सबसिडी आणि कृषी खात्याच्या माणसाने प्लॉटवर येऊन किडीची संख्या मोजून ‘आत्ता मारायची गरज नाही’ हे सांगणं, हे दोन्ही लागेल. आज तो सल्ला डीलर देतो. डीलर वाईट माणूस नाही, उधारीवर तोच माल देतो, लग्नाला पण येतो, पण त्याचं पोट बाटली खपण्यावर आहे.

शहरातल्या लोकांबद्दल थोडं. टिळकवाडी-शहापूरकडं आता ऑरगॅनिक भाजीचं फॅड आहे, कोबीवर औषध असतं म्हणून मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवतात. धुवा, धुवायलाच पाहिजे. पण भाजीतला उरलेला अंश रोज किती पोटात गेला तर चालतो याची जी सुरक्षित मर्यादा ठरवतात ती प्राण्यांत काहीही परिणाम न दिसलेल्या मात्रेच्या साधारण शंभराव्या भागावर. ती ओलांडली जात नाही असं माझं म्हणणं नाही, तपासण्या वाढायला पाहिजेत. तरीसुद्धा खाणाऱ्याच्या ताटात मायक्रोग्रॅमचा हिशोब चाललेला असताना मारणाऱ्याच्या पाठीवर घट्ट औषध ओघळत असतं. काळजी कुणाची आधी करायची हे उघड आहे, पण चर्चा सगळी ताटाचीच होते, कारण बोलणारे ताटाच्या बाजूला बसलेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात असली औषधं नेहमी हाताळणाऱ्या मजुरांचं रक्त तपासतात, तांबड्या पेशींतलं ते ॲसिटिलकोलीन साफ करणारं एन्झाइम त्याच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर आलं की त्याला त्या कामावरून काढून दुसरं काम देतात. ही टेस्ट काही आकाशातली नाही, मोठ्या लॅबमध्ये बेळगावात होते. ऊस-द्राक्ष-भाजीच्या हंगामात गावोगावी शुगर-बीपीचे कॅम्प होतात तिथं फवारणी करणाऱ्या गड्यांचं हे रक्त का काढू नये? मामाला ‘काय झालंय मला’ याचं उत्तर तिथं मिळेल.

आणि एक मोजणी. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला विकार म्हणून जाहीर केला, म्हणजे सरकारी असो की खासगी, दवाखान्याने केस कळवायलाच पाहिजे. चांगलं काम झालं. कीटकनाशकाच्या विषबाधेला पण तेच लावा. आज पोलिसांच्या कागदावर ‘विषारी औषध प्राशन’ एवढंच येतं, आणि फवारताना चक्कर येऊन दोन सलाईन लावून घरी गेलेला तर कुठल्याच कागदावर येत नाही. नोंदीत चार रकाने पुरेत: औषधाचं नाव काय, त्रिकोण कुठल्या रंगाचा, शरीरात गेलं कसं, आणि बाटली कुठल्या दुकानातली, इकडची की पलीकडची. हे एका हंगामाचं जरी बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही जिल्ह्यांनी भरून एकमेकांना दाखवलं, तरी कपाटातल्या कुठल्या बाटलीपासून सुरुवात करायची यावर फार वाद घालावा लागणार नाही.